नाकाचा दांडा आणि श्वासाची वाट

सुश्रुतसंहितेत छाटलेले नाक नव्याने घडवण्याचा जो विधी सांगितला आहे, त्यात पुड्यांत दोन नाड्या, म्हणजे पोकळ नळ्या, बसवण्याचा निर्देश आहे. आणि टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी गाडीवानावर पुण्याजवळ विटा करणाऱ्या एका कारागिराने केलेल्या शस्त्रक्रियेची जी हकिगत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये छापली, तीतही पुड्या मिटू नयेत म्हणून आत मऊ कापड ठेवण्याचा तपशील आला आहे. रूपाबरोबर श्वासाचाही बंदोबस्त करावा लागतो, हे त्या मंडळींना वेगळे सांगावे लागले नसावे. पुढे बर्लिनच्या जाक जोसेफने १८९८ पासून दांड्याचा उंचवटा छाटून नाक लहान करण्याची पद्धती रूढ केली, तिच्या दिमाखात मात्र ही बाब पुष्कळदा दप्तराबाहेर राहिली.

नाकाचा पडदा आणि त्याला वरून चिकटलेली बाजूची कूर्चा यांच्यातील कोन बहुधा दहा ते पंधरा अंशांचाच असतो, आणि हवेची सर्वांत चिंचोळी वाट तीच. उंचवटा तासताना हा सांधा तुटतो, बाजूच्या कूर्चा आत ढळतात, आणि आरशात सुबक दिसणारे नाक जिना चढताना धन्याला तोंड उघडायला लावते. नाकालगतचा गाल बोटाने बाहेर ओढला आणि श्वास मोकळा झाला, तर दोष इथलाच असे मानण्याचा प्रघात आहे. वाचकाने स्वतःवर करून पाहावे, निरोगी नाकही हीच साक्ष देते, म्हणून हा पुरावा मी दुय्यमच धरतो.

जॅक शीनने १९८४ मध्ये यावर इलाज मांडला: पडद्यातून काढलेल्या कूर्चेच्या, आगकाडीहून फारशा जाड नसलेल्या दोन पट्ट्या त्या कोनात दुतर्फा शिवायच्या. वाट रुंदावते, पण दांडाही थोडा रुंदावतो, आणि पडद्यात कूर्चा शिल्लक असावी लागते. म्हणून बाजूच्या कूर्चेचीच जादा कड आत दुमडण्याची काटकसरी रीत पुढे आली. पुडीची भिंत श्वासासरशी आत ओढली जात असेल, तर तिला वेगळा टेकू लागतो, तिथे या पट्ट्या निरुपयोगी.

सध्या बोलबाला आहे तो दांडा न फोडता खाली उतरवण्याचा. गुडेलने १८९९ मध्ये, त्यानंतर लोथ्रपने १९१४ मध्ये वर्णिलेली ही युक्ती. डॅनियलने २०१८ मध्ये तिला क्रांती म्हटले, ते मला अंमळ अतिशयोक्त वाटते. पडद्याची एक पट्टी काढून, बाजूची हाडे पायथ्याशी तोडून सगळे छप्पर खाली घेतले की तो नाजूक सांधा शाबूत राहतो, हा तिचा खरा गुण. पण हाडे नुसती आत दाबली, तर वर वाचवलेली जागा खाली गमावण्याचा धोका असतो. पायथ्याशी पाचरीएवढे हाड काढून मग उतरवणे श्वासाच्या दृष्टीने अधिक विवेकाचे. पडदा फार वाकडा असेल किंवा नाक आधी कुणी उघडले असेल, तिथे शीनच्या पट्ट्यांवरच माझा भरवसा.

तुलनेत एक अडचण उरतेच. मेंथॉल हुंगले की नाक उघडल्यासारखे वाटते, पण वायुमापक यंत्राचा आकडा जवळजवळ तिथेच असतो. आणि रुग्ण आपली फिर्याद घेऊन येतो, ती यंत्रावरचा आकडा पाहून नव्हे.