तोटीच्या घटाची साक्ष

जुन्या मृत्पात्रांचे खरेखोटेपण ठरविण्यासाठी संग्राहकांच्या वर्तुळात काही कसोट्या रूढ आहेत. भांडे बोटाने वाजवून पाहावे. नाद धातूसारखा असेल तर भाजणी उत्तम, म्हणून वस्तू अस्सल. पृष्ठभागावर क्षारांचे पापुद्रे असतील तर ते पुरलेले होते, म्हणून प्राचीन. बुडाशी कारागिराची मुद्रा आढळली तर प्रश्नच मिटला! या कसोट्या सर्वस्वी चुकीच्या आहेत असे नव्हे. त्या सर्वांना ठाऊक आहेत, आणि म्हणून बनावट माल करणाऱ्यासही ठाऊक आहेत, हा त्यांचा खरा दोष होय.

मुद्रेवर किती विसंबावे, हे चीनमधील यिशिंगच्या मातीच्या चहादाण्यांवरून कळते. तेथील विख्यात कारागीर गू जिंगझोऊ (१९१५–१९९६) याने तरुणपणी, १९३० नंतरच्या दशकात, शांघायमधील पुराणवस्तूंच्या व्यापाऱ्यासाठी जुन्या उस्तादांच्या चहादाण्यांच्या प्रतिकृती घडविल्या. माती तीच आणि हात तितकाच कसलेला. अशा ठिकाणी मुद्रा काय सिद्ध करणार?

आपल्याकडे रूपाने चहादाणीच्या जवळ जाणारे प्राचीन पात्र म्हणजे जोर्वे संस्कृतीचा तोटीचा घट. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी असलेल्या जोर्वे येथे १९५०–५१ साली सांकळिया व देव यांनी उत्खनन केले, आणि त्या गावाचे नाव एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीस मिळाले. तिचा काळ इ. स. पू. सुमारे १४०० ते १०००, व उत्तर जोर्वे काळ धरल्यास इ. स. पू. ७०० पर्यंत. गाळून मळलेली माती, चाकावरची घडण, तांबूस लेप, त्यावर काळ्या रंगाच्या भौमितिक रेषा आणि कडक भाजणी ही या पात्रांची लक्षणे. येथे नाव नाही, मुद्रा नाही. परीक्षकास उरतात त्या केवळ घडणीच्या खुणा, आणि आमच्या मते हे त्याचे भाग्यच आहे.

या खुणा शोधाव्यात त्या आतल्या बाजूस. नळीसारखी तोटी घटाच्या अंगास जोडताना आत मातीचा जो लपेटा बसतो, छिद्राच्या कडेस जे ओरखडे राहतात, ते गिऱ्हाइकास दिसत नाहीत, म्हणून नकल करणारा तेथे बहुधा निष्काळजी असतो. काळ्या रेषा भाजण्यापूर्वी काढलेल्या असल्याने ओल्या कापसाने त्या सुटता कामा नयेत. क्षारांचा थर केवळ बाहेर आहे की जुन्या भेगांतही शिरला आहे, हेही पाहणे अवश्य आहे.

एवढे करूनही डोळा फसतो. तुर्कस्तानातील हाजिलार येथे जेम्स मेलार्ट यांनी १९५७ ते १९६० या काळात उत्खनन केल्यानंतर त्या शैलीची पात्रे व मूर्ती बाजारात येऊ लागल्या आणि नामांकित संग्रहालयांतही पोहोचल्या. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या तप्तदीपन परीक्षेत ६६ पैकी ४८ वस्तू अर्वाचीन ठरल्या. मातीतील स्फटिककण भूमीतील किरणोत्सर्गाची ऊर्जा साठवीत असतात. भट्टीत तो साठा रिकामा होतो व पुन्हा भरू लागतो. कणांचा नमुना तापवून जो प्रकाश मिळतो, त्यावरून शेवटच्या भाजणीनंतरचा काळ मोजता येतो. मात्र जुनी खापरे जोडून नवे भांडे उभे केले असेल, तर एकाच ठिकाणचा नमुना जुनाच काळ सांगेल.

परंतु घट अस्सल ठरला तरी तो अभ्यासाच्या कामी येतोच असे नाही. इनामगावच्या उत्खननात (१९६८–८३) मुलांच्या दफनकुंभांबरोबर तोटीचा घट आणि अंगास ठळक कंगोरा असलेला वाडगा ठेवलेला आढळतो. ही जोडी, तिची जागा, घराच्या जमिनीशी असलेले तिचे नाते, यांतून त्या लोकांच्या मरणविषयक कल्पना कळतात. तोच घट दुकानातून आला तर केवळ एक सुबक भांडे उरते. सांकळियांनी १९५५ साली ‘अँटिक्विटी’त नावडातोलीच्या तोटीच्या पात्रांची इराणी पात्रांशी तुलना केली. त्यांचे अनुमान मान्य करो वा न करो, सियाल्कसारखी उत्खनित स्थळे हाताशी असल्यामुळे त्याविषयी वाद घालता येतो. पुढे उत्तर इराणातील अनधिकृत खोदकामांतून तोटीची असंख्य पात्रे बाजारात आली. त्यांच्याशी तुलना करून मांडलेल्या अनुमानाविषयी वादही घालता येत नाही.

समजा, एखाद्या विभागाकडे तोटीचा घट विक्रीस आला आणि तो भिवंडी तालुक्यातील कोन येथे मिळाला असे सांगण्यात आले. जोर्वे संस्कृतीची वस्ती महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत आढळते, पण कोकणच्या किनारपट्टीत नाही. कोन तर कल्याणसमोर, खाडीपलीकडे. कल्याणचे नाव ‘पेरिप्लस’मध्ये येते, तेव्हा येथे ऐतिहासिक काळातील खापरे निघाली तर नवल नाही, जोर्वे घट निघाला तर मोठे नवल. म्हणून तो खोटाच, असे म्हणणारे विद्वान भेटतील. हा उतावळेपणा होय, कारण नकाशावरील रिकामी जागा पुढील उत्खननाने भरू शकते. उलट, या एका घटाच्या आधारे संस्कृतीची सीमा समुद्रापर्यंत नेणे हा त्याहून मोठा अविचार ठरेल. घटाची तप्तदीपन परीक्षा करावी, दोनतीन ठिकाणचे नमुने घ्यावेत, आणि तो अस्सल निघाला तरी ‘प्राप्तिस्थान अनिश्चित’ अशीच नोंद करावी. कोनचे नाव नकाशावर घालण्यापूर्वी तेथे निदान एक चाचणी-खड्डा घेतला गेला पाहिजे.