बर्नीहाट पहिलं, कडा कुठंच नाही : हवेचा जागतिक अहवाल वाचताना

दरवर्षी मार्च महिना आला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक बातमी हमखास फिरते. जगातली सगळ्यात प्रदूषित शहरं कोणती, त्यात आपली किती, दिल्लीचा नंबर कितवा. मी पुण्यात हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांवर पीएच.डी. करते, त्यामुळं बातमीखाली मला टॅग करून "हे खरं का?" असं विचारलं जातं. माझं उत्तर दरवर्षी थोडं लांबतं आणि कुणी पुरतं वाचत नाही. म्हणून या वेळी इथं लिहिते.

ही बातमी ज्यावरून होते तो आयक्यूएअर या स्विस कंपनीचा वार्षिक अहवाल. २०२४ सालचा अहवाल मार्च २०२५ मध्ये आला. १३८ देश, जवळपास ९,००० ठिकाणं. भारत पाचव्या क्रमांकावर, देशाची सरासरी ५०.६. राजधान्यांमध्ये नवी दिल्ली पहिली. आणि सगळ्या शहरांमध्ये पहिलं आलं बर्नीहाट, १२८.२.

हे आकडे पीएम २.५ चे. म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. आपला केस साधारण साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. डोळ्याला दिसणारी रस्त्यावरची धूळ नाकात, घशात अडते. हे कण फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जातात. एक घनमीटर हवेत ते किती मायक्रोग्रॅम आहेत, हा तो आकडा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलेली वर्षाची मर्यादा ५ आहे. आपलं २००९ चं राष्ट्रीय मानक ४०.

अहवालाचं कौतुक आधी करते, कारण ते खरोखर करावंसं आहे. तो फुकट मिळतो. फक्त जमिनीवर बसवलेल्या यंत्रांनी मोजलेलीच हवा त्यात धरली जाते. आणि रंग ठरवताना ४० चा नाही, ५ चा निकष लावला जातो, त्यामुळं स्वतःची पाठ थोपटायची सोय राहत नाही.

आता तक्रार. बर्नीहाट हे काही महानगर नाही. आसाम-मेघालयाच्या सीमेवरचं, गुवाहाटीजवळचं छोटं औद्योगिक गाव. तिथली हवा वाईट आहे यात शंका नाही. पण ते 'जगात पहिलं' येण्याला दोन गोष्टी लागल्या : वाईट हवा, आणि ती मोजणारं यंत्र. दुसरी गोष्ट नसेल तर पहिलीचा यादीला पत्ताच लागत नाही. म्हणजे ही यादी 'जगातल्या सगळ्यात प्रदूषित ठिकाणांची' नाही, 'यंत्र असलेल्या ठिकाणांतल्या सगळ्यात प्रदूषितांची' आहे. बातमीच्या मथळ्यात हा फरक गळून पडतो. अहवालवाल्यांनाही तो गळाल्याचं फार दुःख होत असेल असं वाटत नाही.

माझं गाव कडा. बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका, नगर-बीड रस्ता. २०२२ मध्ये नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली त्या मार्गावरचं एक स्टेशन. कड्यात हवा मोजणारं सरकारी यंत्र नाही. तरीही मोबाइलमध्ये कडा टाकलं की आकडा येतो, रंगासकट! माझा चुलतभाऊ तो मला दाखवून म्हणाला, "बघ, आपलं पुण्यापेक्षा भारी हाय."

तो आकडा कुणी मोजलेला नसतो. उपग्रह वरून बघतो की जमिनीपासून आकाशापर्यंतच्या हवेच्या सगळ्या थरानं प्रकाश किती अडवला. मग वारा, तापमान, आर्द्रता, जवळच्या यंत्रांचे आकडे असं सगळं मॉडेलमध्ये घालून, त्यातलं जमिनीलगत किती असावं याचा अंदाज काढतात. आम्हीही असे अंदाज वापरतो, मोठ्या प्रदेशाचं चित्र काढायला ते उत्तम आहेत. पण एक चौकट कित्येक किलोमीटरची, आणि पावसाळ्यात ढगांमुळं उपग्रहाला खालचं दिसतच नाही. त्यावरून एका गावानं दुसऱ्या शहराशी तुलना करणं म्हणजे नगरच्या पर्जन्यमापकावर कड्याची पेरणी ठरवणं.

रंगांचाही घोळ आहे. समजा हवेत पीएम २.५ चं प्रमाण ५० आहे. आपल्या सरकारी निर्देशांकात ही हवा 'समाधानकारक' ठरते. अमेरिकी पट्टी वापरणाऱ्या अ‍ॅपमध्ये तीच हवा 'संवेदनशील लोकांसाठी घातक' या रंगात येते. हवा एक, फोन दोन, भांडण चालू.

पण माझा मुख्य आक्षेप वर्षाच्या सरासरीवर आहे. मुंबईचं उदाहरण घ्या. जून ते सप्टेंबर पाऊस हवा धुऊन काढतो, वारा समुद्रावरून येतो. मग ऑक्टोबरपासून चित्र पालटतं. रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडं जातो, दुपारी उलट, आणि ही अदलाबदल मंदावली की शहराचा धूर शहरातच घुटमळतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईकरांनी ते पुष्कळ दिवस पाहिलं. पुढच्या ऑक्टोबरमध्ये, २०२३ साली, उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. आता आकडेमोड करू, आकडे समजण्यापुरते. चार महिने १५ आणि आठ महिने ६० असेल तर वर्षाची सरासरी ४५. दुसऱ्या एखाद्या शहरात बाराही महिने ४५ असेल तर त्याचीही ४५. यादीत दोघं शेजारी. पण पहिल्या शहरातला दम्याचा पेशंट आठ महिने ६० मध्ये काढतो, आणि त्याच्या वतीनं पाऊस आकडा खाली आणतो.

दिवसाच्या तासांचं तेच. थंडीत जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार, म्हणजे भांड्यावर झाकण. सूर्य चढला की झाकण उचललं जातं, दुपारी आकडा उतरतो, रात्री पुन्हा चढतो. हा आकार दिल्लीत, पुण्यात, नागपुरात कमी-जास्त सारखाच सापडतो. पुण्यात मी दुपारी तीनला बाहेर पडते तेव्हा आणि पेपर टाकणारा मुलगा पहाटे पाचला निघतो तेव्हा, आम्ही एकाच शहरात असतो असं म्हणायला जीव धजत नाही. ही खरी रचना, जी शोधायला आम्ही वर्षं घालवतो, तीच क्रमवारीत पुसली जाते. अहवालात महिन्यांचे आकडे असतात, हे मान्य. मथळा मात्र वर्षाचाच होतो.

अजून एक छोटी बाब. अहवालात सरकारी मोठी यंत्रं आणि स्वस्त सेन्सर दोन्ही येतात. स्वस्त सेन्सर कणांवरून परतणारा प्रकाश मोजतो. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा उगाच वाढतो. दुरुस्ती करता येते, पण ती प्रत्येक ठिकाणी सारखी लागू होत नाही. इथं थांबते, नाहीतर माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण सुरू होईल.

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हाची गोष्ट. आईनं बातमी ऐकली होती. "तिकडं पुण्यात हवा लई खराब झालीय म्हणं. मास्क लावीत जा." हे ती बंबात तुराट्या सारता सारता म्हणाली. आमच्याकडं गॅस आहे, चहा-भाजी त्यावर होते. पण अंघोळीचं पाणी आणि भाकरी गॅसवर करणं तिला उधळपट्टी वाटते, आणि सिलिंडरचा भाव पाहता तिला खोडून काढणं अवघड आहे. मी सोबत नेलेला छोटा सेन्सर तिच्या शेजारी पाटावर ठेवला. आकडा चढत चढत पट्टीच्या वरच्या टोकाला गेला. वर सांगितलेला दमट हवेचा दोष इथं कारण म्हणून चालत नाही, पडवी चांगली कोरडी होती.

आईला सकाळी खोकला येतो. तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी बिडी ओढतं का? कुणी नाही. चुलीबद्दल त्यांनी विचारलंच नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं की सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं, आणि त्यामागं जळणाचा धूर हे मोठं कारण असू शकतं. आमच्या भागातल्या कोयत्यावर जाणाऱ्या बायकांचं तर विचारू नका. दिवाळीनंतर पाच-सहा महिने उसाच्या फडात, कोपीत राहायचं, पहाटेच उठून चूल पेटवायची, मग दिवसभर ऊस. कारखाना कोल्हापूरकडं असो की कर्नाटकात, कोपीशेजारी यंत्र नसतं. जनगणनेच्या दिवशी तरी त्या कुठंतरी मोजल्या जातात, हवेच्या यादीत कुठंच नाहीत.

म्हणून पुढच्या मार्चला ती बातमी आली तर तुम्ही एवढंच करा. शहराच्या नावापुढचा आकडा बघितल्यावर विचारा की यंत्र कुठं आहे, आकडा कोणत्या महिन्यांचा आहे, आणि त्या जागी, त्या वेळी श्वास कोण घेतंय. तुमच्या शहराचे तासागणिक आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. पहाटे फिरायला जाणाऱ्या आजोबांना डिसेंबर-जानेवारीत जरा ऊन चढल्यावर जा म्हणा. क्रमवारी वाचून हे सुचलं नसतं, तासांचा आलेख पाहून सुचतं.

आईनं सेन्सरकडं बघून विचारलं, "म्हंजी आपुन दिल्लीच्या पुढं?" मी म्हटलं, पडवीपुरतं, सकाळी सहा ते सात. ती हसली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी बंब उचलून अंगणात, बाभळीकडच्या कोपऱ्यात नेला. भाकरीची चूल अजून आतच आहे, त्यावर आमची बोलणी चालू आहेत.