खाण न दाखवणारा खाणगावाचा सिनेमा

'वेक इन फ्राइट' (१९७१) सुरू होतो तेव्हा कॅमेरा सावकाश गोल फिरतो. चहूकडे सपाट, करपलेला माळ. मधून गेलेले रूळ, एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला हॉटेल. ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमधलं टिबून्डा गाव म्हणजे एवढंच. इथला शिक्षक जॉन ग्रँट नाताळच्या सुट्टीत मैत्रिणीला भेटायला सिडनीला निघालाय. रेल्वेने बुंडन्याबा या खाणगावी जायचं, तिथे एक रात्र काढायची आणि सकाळी विमान पकडायचं. (पुढे कथानक उघड केलंय, सिनेमा पाहायचा असेल तर आधी पाहून या.)

ती एक रात्र संपतच नाही. गावात दोन नाणी उडवून छापा-काट्याचा जुगार चालतो. ग्रँट आधी जिंकतो आणि मग एका हिशोबात अडकतो. सरकारी नोकरीच्या बाँडमुळे तो टिबून्डाला बांधलेला आहे, आणखी थोडं जिंकलं तर बाँडचे पैसे भरून सुटता येईल. कॉलेजातून थेट बाँडवाल्या नोकरीत शिरलेल्या कुणालाही हा हिशोब शिकवावा लागणार नाही. ग्रँट सगळं हरतो. मग गाव त्याला बिअर पाजतं, जेवू घालतं, रात्रीच्या कांगारू-शिकारीला नेतं. नको म्हटलं की लोक दुखावतात. पाहुणचाराची एवढी भीती मला दुसऱ्या कुठल्याही सिनेमाने घातलेली नाही.

तरीही माझी या सिनेमाबद्दल एक मोठी तक्रार आहे.

केनेथ कुकच्या १९६१च्या कादंबरीतलं बुंडन्याबा ब्रोकन हिलवर बेतलेलं आहे, आणि कॅनडाच्या टेड कॉचेफने सिनेमाचं बरंचसं चित्रीकरण तिथेच केलं. बिअरचे ग्लास पुढे सरकवणाऱ्या पोलिसाची भूमिका करणारा चिप्स रॅफर्टी तर जन्मलेलाच ब्रोकन हिलमध्ये. चांदी, शिसं आणि जस्ताच्या प्रचंड साठ्यावर हे गाव उभं राहिलं. १८८३मध्ये इथे खनिज सापडलं, १८८५मध्ये बीएचपी कंपनी निघाली. त्या नावातले 'बी' आणि 'एच' म्हणजे ब्रोकन हिलच. रस्त्यांची नावंही अर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड अशी.

सिनेमात मात्र कॅमेरा एकदाही खाणीत उतरत नाही. खाणकामगार दिसतात ते पिताना, खेळताना, गोळ्या झाडताना. पाळी संपल्यानंतरचं गाव दिसतं, पाळी दिसत नाही. त्यामुळे मोकळा वेळ हाच या लोकांचा रोग वाटू लागतो.

तो मोकळा वेळ त्यांना कुणी दान दिला नव्हता. मे १९१९मध्ये ब्रोकन हिलच्या कामगारांनी संप पुकारला. खाणीतली धूळ फुप्फुसं खात होती, शिसं अंगात भिनत होतं. जवळजवळ १८ महिने घरात पगार आला नाही. १९२०मध्ये संप संपला तेव्हा जमिनीखालच्या कामगारांना ३५ तासांचा आठवडा मिळालेला होता. शंभर वर्षांनंतर, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असे सल्ले ऐकत कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हा आकडा परीकथेतला वाटतो. या पार्श्वभूमीवर ते गच्च भरलेले बार पाहिले की दृश्याचा अर्थच बदलतो.

गावाचं गोडवं गायचं कारण नाही. सिनेमात ठळक स्त्री पात्र जवळजवळ एकच आहे, आणि त्यालाही इतिहास आहे. ज्या कामगार संघटनांनी तास कमी करून घेतले, त्यांनीच विवाहित बायकांना गावातल्या अनेक नोकऱ्यांपासून दशकानुदशकं लांब ठेवलं. पुरुषांनी भरलेलं ते गुदमरवणारं जग सिनेमाने अचूक पकडलंय, फक्त ते कशातून घडलं याकडे पाठ फिरवलीय.

यावर एक उत्तर असू शकतं: आपण सगळं ग्रँटच्या नजरेतून पाहतो, आणि तो वाटसरू आहे. मान्य. पण त्याच्या तुच्छतेची खिल्ली उडवणारा सिनेमा शेवटी त्याच्याइतकंच पाहतो, ही त्याची मर्यादाच.

आज सिडनी ते पर्थ ४,३५२ किलोमीटर धावणारी 'इंडियन पॅसिफिक' ब्रोकन हिलला काही तास थांबते. प्रवासी उतरतात, गाव पाहतात, परत डब्यात बसतात. गावाच्या डोक्यावर, खाणीतून निघालेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यावर, २००१मध्ये उभारलेलं गंजक्या पोलादाचं स्मारक आहे. त्यावर खाणीत मेलेल्या ८०० हून अधिक कामगारांची नावं आहेत, आणि प्रत्येक नावासोबत मृत्यूचं कारण. 'वेक इन फ्राइट' जरूर पाहा, आणि पडद्यावर एकामागून एक ग्लास रिकामे होत असताना ही यादीही आठवा.