रेषा ओढण्याआधी ठिपके पाहा : बडोदे संस्थानच्या जनगणनेच्या निमित्ताने

स्थानिक इतिहासाच्या निबंधांत अलीकडे आलेख दिसू लागले आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. पूर्वी आपण "लोकसंख्या बरीच वाढली", "शिक्षणाचा मोठा प्रसार झाला" असं मोघम लिहून मोकळे व्हायचो. आता निदान आकडे समोर येतात. पण आकड्यांबरोबर एक सवयही आली आहे. एक्सेलमध्ये दोन रकाने भरायचे, ठिपक्यांचा आलेख (स्कॅटर प्लॉट) काढायचा, एक बटण दाबून कलरेषा ओढायची, शेजारी आर-वर्गाचा आकडा छापायचा आणि पुढच्याच वाक्यात "यावरून सिद्ध होते की" असं लिहायचं. माझी हरकत या शेवटच्या वाक्याला आहे.

ठिपक्यांचा आलेख मला परका नाही. कारखान्यात पंपाची चाचणी घेताना आम्ही व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडायचो, दरवेळी प्रवाह आणि दाब मोजायचो, ठिपके मांडायचो आणि त्यांतून वक्र काढायचो. त्या वक्रावर विश्वास ठेवायला कारण होतं, कारण व्हॉल्व्ह आमच्या हातात होता. बाकी सगळं तसंच ठेवून आम्ही एकच गोष्ट बदलत होतो. दप्तरखान्यातल्या आकड्यांचं तसं नसतं. तिथे कुणी व्हॉल्व्ह फिरवलेला नाही. दुष्काळ, प्लेग, रेल्वे, शाळा, कायदा हे सगळं एकाच वेळी बदलत होतं आणि कारकुनाने दहा वर्षांतून एकदा आकडा टिपून ठेवला.

उदाहरण घरचंच घेऊ. बडोदे संस्थानची लोकसंख्या जनगणनेनुसार, लाखांत, अशी आहे : १८८१ साली २१.८५, १८९१ साली २४.१५, १९०१ साली १९.५३, १९११ साली २०.३३, १९२१ साली २१.२७, १९३१ साली २४.४३ आणि १९४१ साली २८.५५. एकूण सात ठिपके. आता यांतून रेषा ओढा.

१९०१ ते १९४१ हे पाच ठिपके घेतले तर रेषा दर दशकाला सुमारे २.२ लाखांनी चढते आणि आर-वर्ग ०.८९ येतो. आकडा पाहून कुणालाही बरं वाटेल. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. म्हणजे चढती रेषा आणि सुधारणांचा काळ अगदी हातात हात घालून चालतात. निबंधाचा शेवट जणू आयताच तयार.

आता १८८१ ते १९११ हे चार ठिपके घ्या. रेषा दर दशकाला सुमारे ९२ हजारांनी उतरते. याच आकड्यांवरून दुसरा कुणी "गायकवाडी राज्याचा ऱ्हास" असा निबंध लिहू शकेल. आणि सातही ठिपके घेतले तर रेषा दशकाला जेमतेम ८० हजारांनी चढते, आर-वर्ग ०.३१. आकडे तेच, संस्थान तेच, राजाही बहुतेक काळ तोच; निष्कर्ष मात्र तीन. फरक एवढाच की सुरुवात कुठे करायची आणि थांबायचं कुठे, हे लेखकाने ठरवलं.

पहिल्या, देखण्या रेषेची परीक्षा घेणं सोपं आहे. तीच रेषा मागे वाढवली तर १८९१ साली संस्थानात सुमारे १६.२ लाख माणसं असायला हवी होती. प्रत्यक्षात होती २४.१५ लाख. आठ लाख माणसांचा हिशेब लागत नाही! जी रेषा दहाच वर्षं मागे गेल्यावर एवढी चुकते, तिला नियम कसं म्हणायचं? आर-वर्ग ०.८९ असण्याचा अर्थ एवढाच की निवडलेले ठिपके त्या रेषेच्या आसपास आहेत. निवड योग्य होती की नाही, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

खरी गोष्ट १८९१ आणि १९०१ या दोन ठिपक्यांच्या मध्ये आहे. तिथे ४.६२ लाखांची, म्हणजे सुमारे १९ टक्क्यांची घट आहे. विक्रम संवत १९५६ चा तो दुष्काळ, ज्याला गुजरातेत छप्पनियो म्हणतात. १८९१ ची पातळी पुन्हा गाठायला १९३१ उजाडावं लागलं. म्हणजे चाळीस वर्षं. १९०१ पासून सुरू होणारी जी चढण आपण प्रगती म्हणून दाखवतो, तिची पहिली तीन दशकं ही गमावलेलं भरून येण्याची आहेत. त्यातही १९१८ च्या इन्फ्लुएंझाचा तडाखा आहेच. सुधारणांनी या भरपाईला हातभार लावला असेल, पण किती, हे या आलेखातून निघत नाही. दुष्काळानंतर लोकसंख्या भरून येणं हे जिथे सक्तीचं शिक्षण नव्हतं तिथेही घडतं. ताडून पाहायचं असेल तर शेजारच्या ब्रिटिश जिल्ह्यांचे ठिपके त्याच कागदावर हवेत.

कारखान्यात एखादं वाचन रेषेपासून फार लांब पडलं तर आधी मीटरवर संशय घेतात आणि पुष्कळदा ते वाचन बाद करतात. इतिहासात ही सवय घातक आहे. लांब पडलेला ठिपका हीच अनेकदा घटना असते. १९०१ चा ठिपका बाद केला तर छप्पनियोच बाद होतो. आणि तो ठेवला तरी घटीत मृत्यू किती, गाव सोडून गेलेले किती, न झालेले जन्म किती, हे ठिपका सांगत नाही. त्यासाठी दुष्काळाचे अहवाल, गावठाणाच्या नोंदी आणि घरोघरच्या वंशावळी वाचायला बसावं लागतं.

दुसरी हरकत काळाबरोबर वाढणाऱ्या दोन गोष्टी एकमेकींसमोर मांडण्याला आहे. शाळांची संख्या आडव्या अक्षावर, रेल्वेचे मैल उभ्या अक्षावर. ठिपके सरळ रांगेत येणारच, कारण दोन्ही वाढतच होतं. जॉर्ज उडनी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये याचा छान नमुना दाखवला. १८६६ ते १९११ या काळात इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने लागणाऱ्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्युदर यांचा सहसंबंध ०.९५ निघाला. लग्न चर्चबाहेर लावलं म्हणून कुणाचं आयुष्य वाढत नाही. दोन्ही आकडे आपापल्या कारणांनी उतरत होते. निदान एवढं तरी करावं : मूळ आकड्यांऐवजी दर दशकातला बदल मांडून पाहावा. खऱ्या नात्याचा काही अंश तरी त्यात टिकायला हवा. नुसत्या काळाने जुळवलेल्या रांगा बहुतेक वेळा तिथे विस्कटतात.

तिसरी हरकत जरा नाजूक आहे, कारण ती आपल्या अभिमानाशी निगडित आहे. तालुकावार ठिपके मांडून "जिथे मराठी भाषक जास्त, तिथे साक्षरता जास्त" असं दाखवायचा मोह होतो. यात दोन खड्डे आहेत. मराठी वस्ती मोठ्या प्रमाणात राजधानीत होती आणि शाळा, कचेऱ्या, छापखानेही तिथेच. मग बाकीचे तालुके डावीकडे खाली एका पुंजक्यात आणि बडोदे शहर एकटं उजवीकडे वर, असं चित्र येतं. रेषा त्या एका ठिपक्याला टांगलेली असते. फ्रान्सिस अँस्कोंब यांनी १९७३ मध्ये अकरा-अकरा ठिपक्यांचे चार संच दिले. चारही संचांची सरासरी तीच, रेषा तीच, सहसंबंध तोच, ०.८२, चित्रं मात्र चार तऱ्हांची. चौथ्या संचात तर सगळा उतार एकाच ठिपक्यावर उभा आहे. आपल्या आलेखातलं शहर झाकून पाहा. रेषा टिकली तर पुढे बोलू.

दुसरा खड्डा त्याहून खोल आहे. तालुक्याचा ठिपका म्हणजे माणूस नव्हे. विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून हे दाखवलं. राज्यवार पाहिलं तर जिथे परदेशात जन्मलेले लोक जास्त तिथे निरक्षरता कमी, सहसंबंध उणे ०.५३. पण माणसागणिक पाहिलं तर परदेशात जन्मलेल्यांतच निरक्षरता किंचित जास्त, अधिक ०.१२. उलगडा साधा होता : बाहेरून आलेले लोक अशा राज्यांत वसले होते जिथले मूळ रहिवासी जास्त शिकलेले होते. तेव्हा तालुक्याच्या ठिपक्यांवरून मराठी घरांतल्या शिक्षणाबद्दल बोलता येत नाही. त्यासाठी शाळांच्या हजेरीपटांत, भाषावार व जातवार तक्त्यांत शिरलं पाहिजे.

हे लिहिण्यामागे आलेखांना हाकलून लावायचा हेतू नाही. ठिपके जरूर मांडावेत, पण प्रश्न शोधायला. प्रत्येक ठिपक्याशेजारी वर्षाचं किंवा तालुक्याचं नाव लिहावं. कुठलं वर्ष पहिलं घेतलं आणि का, हे सांगावं. मूळ तक्ता निबंधाबरोबर द्यावा, म्हणजे दुसऱ्याला रेषा ओढून पाहता येईल. आणि सात-आठ ठिपक्यांवर आर-वर्ग दोन दशांश स्थळांपर्यंत छापून त्याला वजन देऊ नये.

गायकवाडांबरोबर आलेल्या आपल्या पूर्वजांनी या मुलखात शाळा चालवल्या, कचेऱ्या सांभाळल्या, ग्रंथालयं उभी केली. त्याचे कागद आहेत. तो दावा आपण कच्च्या रेषेवर उभा केला, तर ज्या दिवशी कुणी गुजराती अभ्यासक १८९१ चा आकडा पुढे ठेवेल, त्या दिवशी रेषेबरोबर कागदांवरचा विश्वासही जाईल.