फायबरग्लासच्या शिडाच्या नौकेचे सौंदर्य : द्रव्य आणि आकार यांच्या संबंधाचा विचार

प्रस्तावना :
काचतंतू आणि रेझिन यांपासून घडविलेल्या शिडाच्या नौकेला सुंदर म्हणावे काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा नौकांनी लाकडी नौकांची जागा घेतली तेव्हापासून उपस्थित होत आला आहे. लाकडाला पोत असतो, सुताराच्या हाताची खूण असते. फायबरग्लासला यांपैकी काहीच नसते, असा आक्षेप घेतला जातो. साच्यातच फळ्यांचे खोटे सांधे कोरणारे निर्मातेही नकळत हा आक्षेप मान्य करतात. प्रस्तुत लेखात या आक्षेपाची तपासणी केली आहे.

विवेचन :
लाकडी नौकेची डौलदार वळणे ही काही अंशी फळीच्या मर्यादेतून जन्मतात. फळी एका मर्यादेपलीकडे वाकत नाही. म्हणून ती आपोआप सलग वळण घेते. फायबरग्लास मात्र साच्याचा कोणताही आकार स्वीकारते. यावरून या द्रव्याला स्वतःचा स्वभाव नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. फायबरग्लास मजबूत असले तरी त्याचा सपाट पत्रा सहज लवतो. तोच पत्रा वक्र केला की ताठ होतो. म्हणजे वक्रता ही येथे अलंकार नसून द्रव्याची गरज आहे. शिवाय त्याचा चकचकीत पृष्ठभाग दोष लपवीत नाही. पाण्यावरील प्रकाशाचे प्रतिबिंब नौकेच्या कुशीवरून सरकताना जेथे अडखळते, तेथे आकार चुकलेला असतो.

इंग्लंडमधील ‘कॉन्टेसा ३२’ हे याचे बोलके उदाहरण होय. डेव्हिड सॅडलर यांनी आखलेली ही नौका ३२ फूट लांब असून तिची जलरेषा सुमारे २४ फूट आहे. तिची रुंदी माफक, पाण्यावरील उंची कमी आणि वरच्या काठाची रेषा संयत आहे. एकूण वजनाचा जवळपास निम्मा भाग कीलमध्ये आहे. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका निघाल्या. वादळात १५ स्पर्धकांचा मृत्यू झाला. सर्वांत लहान नौकांच्या गटातून शर्यत पूर्ण करणारी एकमेव नौका ‘असेंट’ ही कॉन्टेसा ३२ होती. तग धरणे म्हणजे सुंदर असणे नव्हे, हे खरे. तथापि डोळ्यांना सुखावणारी तिची प्रमाणे हीच समुद्रात तिला सावरणारीही आहेत, ही बाब दुर्लक्षिता येत नाही.

याची किंमतही आहे. तिची केबिन अरुंद आहे. पुढील काळात बंदरावरील मुक्कामासाठी प्रशस्त केबिनची मागणी वाढली, तशा अनेक नौका उंच आणि फुगीर होत गेल्या. त्यांनाही उपयुक्तता नाही असे नाही. म्हणून ‘उपयुक्त ते सुंदर’ हे सूत्र अपुरे ठरते. उपयुक्तता कोणासाठी, धक्क्याला बांधलेल्या नौकेतील पाहुण्यासाठी की समुद्रातील खलाशासाठी, हा खरा प्रश्न आहे.

निष्कर्ष :
लाकूड कारागिराला अडविते. फायबरग्लास आराखडाकाराला जवळजवळ मोकळे सोडते. त्यामुळे येथील सौंदर्य हे स्वीकारलेल्या संयमाचे सौंदर्य ठरते. एका साच्यातून शेकडो नौका निघतात आणि त्या लाकडासारख्या कुजत नाहीत. म्हणून आराखड्यातील सुंदर निर्णयाप्रमाणेच कुरूप निर्णयही कित्येक दशके पाण्यावर राहतो. या द्रव्याच्या सौंदर्यविचाराला जबाबदारीचे परिमाण प्राप्त होते ते यामुळेच.