पैसा देण्याआधीचा प्रश्न : लवासा आणि आपली गुंतवणूक

आजचा विषय जरा जड वाटेल असा आहे : संस्थात्मक गुंतवणूकदार आणि जबाबदार उद्योग. नाव वाचून काही जणांनी घरीच थांबायचं ठरवलं असेल, तर आमची तक्रार नाही. जे आलात त्यांच्यासाठी सुरुवात नळापासून करू.

आज सकाळी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी जे पाणी आलं, ते खडकवासला साखळीतल्या धरणांचं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी ही चार धरणं. चौघांचा मिळून उपयुक्त साठा साधारण २९ टीएमसी. त्यात सगळ्यात मोठं वरसगाव, १२.८ टीएमसीच्या आसपास. मोसे नदीवरच्या याच जलाशयाच्या काठावर, दासवे गावाच्या परिसरात, या शतकाच्या सुरुवातीला एक खासगी गिरिस्थान उभं राहू लागलं. त्याचं नाव तुम्हाला सांगायला नको. लवासा.

लवासावर पुण्यात इतकं बोललं गेलंय की नवीन काय सांगणार, असं तुम्हाला वाटेल. जमिनी कशा मिळाल्या, कोणाचा कोणावर वरदहस्त होता, हे सगळं न्यायालयापर्यंत गेलं. ते आज आपण बाजूला ठेवू. ते बिनमहत्त्वाचं आहे म्हणून नाही. त्या गदारोळात एक साधा प्रश्न राहून गेला, म्हणून. एवढं शहर बांधायला पैसा कोणी दिला, आणि देण्याआधी त्यांनी काय विचारलं?

आधी घटनाक्रम बघू. २००१ मध्ये राज्य सरकारने या खोऱ्यातली १८ गावं गिरिस्थान म्हणून अधिसूचित केली. २००४ मध्ये राज्याच्या पर्यावरण विभागाची मंजुरी मिळाली आणि कामाने वेग घेतला. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने सुमारे २,००० कोटी रुपयांच्या समभागविक्रीचा मसुदा सेबीकडे दाखल केला. म्हणजे आता थेट बाजारातून पैसा उभा करायचा. आणि २५ नोव्हेंबर २०१० ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची कारणे दाखवा नोटीस आली : केंद्राची मंजुरी नसताना बांधकाम कसं केलं? काम थांबवा. कंपनीचं म्हणणं होतं की राज्याची मंजुरी पुरेशी आहे. वाद उच्च न्यायालयात गेला. वर्षभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी मिळाली. पण ती समभागविक्री काही झाली नाही. २०१४ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तोही तडीस गेला नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली.

पुढचे आकडे नीट ऐका. घरं घेणारे धरून सगळ्या घेणेकऱ्यांचे मान्य झालेले दावे ६,६०० कोटींच्या पुढे. २०२३ मध्ये न्यायाधिकरणाने जो आराखडा मंजूर केला तो १,८१४ कोटींचा, आणि तेही आठ वर्षांत द्यायचे. २०२४ मध्ये तोही रद्द झाला, कारण ठरलेले पैसे आले नाहीत. प्रक्रिया परत पहिल्या पायरीवर.

आता कोणी म्हणेल, लवासा बुडालं ते फक्त पर्यावरण मंजुरीमुळे का? नाही. कर्जाचा बोजा होता, घरबांधणीचा बाजार थंडावला होता, मूळ कंपनीच्या स्वतःच्या अडचणी होत्या. पण एवढं नक्की म्हणता येईल, की मंजुरीचा प्रश्न हा 'झाडं-पाणीवाल्यांचा' प्रश्न नव्हता. तो हिशेबाचाच प्रश्न होता. ऐन समभागविक्रीच्या तोंडावर वर्षभर काम ठप्प होणं, याला कुठलाही सावकार धोकाच म्हणेल. तो धोका कर्ज देताना दिसत नव्हता असं नाही. दासवेच्या परिसरात जे लोक आक्षेप घेत होते, ते नोटिशीच्या कितीतरी आधीपासून घेत होते. त्यांच्याकडे जाऊन विचारायला कुठल्याही विश्लेषकाला पुण्याहून दीड-दोन तास लागले असते.

इथे थोडं थांबू आणि 'संस्थात्मक गुंतवणूकदार' म्हणजे कोण ते बघू. काटेकोर बोलायचं तर कर्ज देणारी बँक वेगळी आणि शेअर घेणारा फंड वेगळा. पण आपल्या प्रश्नापुरते दोघं एकाच रांगेत उभे आहेत, कारण दोघंही दुसऱ्याचा पैसा गुंतवतात. हा दुसरा म्हणजे आपण. तुमची बँकेतली ठेव, एलआयसीची पॉलिसी, दरमहाची एसआयपी. आणि 'आम्ही बाबा शेअरबाजाराच्या वाटेला जात नाही' असं म्हणणाऱ्यांनाही सांगतो, कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना ऑगस्ट २०१५ पासून शेअरबाजारात आहे. नव्याने येणाऱ्या पैशातला आधी ५ टक्के, आणि २०१७ पासून १५ टक्क्यांपर्यंत भाग निर्देशांकावर चालणाऱ्या ईटीएफमध्ये जातो. म्हणजे पिंपरीच्या कारखान्यातला कामगारसुद्धा देशातल्या बड्या कंपन्यांचा मालक आहे. फक्त त्याला ते कोणी सांगितलेलं नाही.

मग या संस्था जबाबदारीबद्दल काय करतात? आज याचं ठरलेलं उत्तर मिळतं : अहवाल. २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना 'बीआरएसआर' नावाचा व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल देणं सेबीने सक्तीचं केलंय. हा अहवाल आपण टीकाकाराच्या नजरेने वाचू. पुस्तक वाचतो तसाच.

पहिलं म्हणजे, हा नमुना वाईट नाही. त्यात नऊ तत्त्वं आहेत, सहावं पर्यावरणाचं. त्याखाली अगदी नेमकं विचारलंय : तुमचं काम पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भागात आहे का? असेल तर मंजुऱ्या घेतल्यात का? त्यांच्या अटी पाळताय का? २०१० मध्ये हा रकाना असता तर लवासाचं चित्र कागदावर आलं असतं, असं वाटून जातं.

पण त्याच अहवालाच्या सुरुवातीला एक छोटा रकाना आहे. दिलेली माहिती एकट्या कंपनीची आहे, की उपकंपन्यांसह एकत्रित? निवड कंपनीची. आता आठवा, लवासा कॉर्पोरेशन ही शेअरबाजारात नोंदलेली कंपनीच नव्हती. ती हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन या नोंदणीकृत कंपनीची उपकंपनी होती. मूळ कंपनीने 'एकट्या कंपनीची माहिती' असं लिहिलं असतं, तर वरसगावच्या काठावरचं अख्खं शहर त्या अहवालातून नियमानुसारच गायब झालं असतं. एकही वाक्य खोटं न लिहिता. आमची मुख्य टीका हीच आहे. अहवाल खोटं बोलतो असं आमचं म्हणणं नाही. कुठपर्यंत बोलायचं हे तोच ठरवतो, आणि ती हद्द पैसा देणारा तपासत नाही, हे आमचं म्हणणं आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. अहवाल सरलेल्या वर्षाबद्दल बोलतो. डोंगर मात्र एकदाच कापला जातो. नदीच्या वरच्या अंगाला बंधारा बांधून झाल्यावर वाचलेला अहवाल इतिहास म्हणून चांगला. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये लवासावरच्या जनहित याचिकेत आक्षेपांची दखल घेतली, पण इतक्या वर्षांनंतर हस्तक्षेप करायला नकार दिला. उशिराची किंमत यापेक्षा वेगळी काय सांगायची?

आता दुसरा मार्ग बघू : शेअर विकून बाहेर पडायचं. नॉर्वेच्या सरकारी निधीने २००७ मध्ये पर्यावरण आणि मानवी हक्कांच्या कारणावरून वेदांत कंपनीला आपल्या यादीतून वगळलं. फेब्रुवारी २०१० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडनेही वेदांतचे शेअर विकले. ओडिशातल्या नियमगिरीवरच्या बॉक्साइट खाणीचा तो प्रश्न होता. जगभर बातमी झाली, दबाव वाढला. पण मंडळी, विकलेला शेअर हवेत विरत नाही, तो दुसरा कोणीतरी विकत घेतो. खाण खरोखर अडली ती दोन ठिकाणी. ऑगस्ट २०१० मध्ये केंद्र सरकारने वनमंजुरी नाकारली. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर बारा ग्रामसभा भरल्या, बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. गुंतवणूकदार बाहेर पडले त्याने त्या लोकांचा आवाज लांब पोचला, हे खरं. पण लोकांच्या आवाजाची जागा त्याला घेता आली नसती.

तिसरा मार्ग आत राहून मत देण्याचा. तो फुकाचा नाही. जुलै २०१४ मध्ये टाटा मोटर्सच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वेतनाचे प्रस्ताव भागधारकांपुढे आले, आणि लागणारी तीन-चतुर्थांश मतं मिळाली नाहीत. एवढ्या मोठ्या घराण्याची कंपनी, तरी प्रस्ताव पडले. पुढे कंपनीला ते पुन्हा मांडावे लागले, तेव्हा मंजूर झाले. म्हणजे प्रश्न विचारला की उत्तर द्यावं लागतं. विमा कंपन्यांसाठी २०१७ मध्ये, पेन्शन फंडांसाठी २०१८ मध्ये आणि म्युच्युअल फंडांसाठी डिसेंबर २०१९ मध्ये नियामकांनी जी आचारसंहिता आणली, तिचा गाभाही हाच : ज्या कंपनीत पैसा आहे तिच्यावर लक्ष ठेवा, बोला, मत द्या. एप्रिल २०२२ पासून तर म्युच्युअल फंडांना सगळ्या प्रस्तावांवर मत देणं बंधनकारक आहे.

तरी आपल्याकडे फंडांनी दात दाखवल्याची गाजलेली उदाहरणं काढून बघा. वेतन, संचालकांची नेमणूक, प्रवर्तकांच्या दुसऱ्या कंपन्यांशी व्यवहार. म्हणजे भागधारकाच्या खिशाला थेट हात घालणारे विषय. नदी, जमीन, कंत्राटी कामगार यांवर प्रस्ताव मांडायची पद्धतच रुजलेली नाही. प्रस्ताव नाही तर मत कशावर देणार?

यावर फंड चालवणारे एक उत्तर देतात, ते आपण मनापासून ऐकलं पाहिजे. ते म्हणतात, 'लोकांनी आम्हाला पैसा वाढवायला दिलाय, समाजसुधारणा करायला नाही. निवृत्त माणसाच्या पेन्शनवर आम्ही आमची तत्त्वं का चालवावी?' हा आक्षेप पोकळ नाही. आमचं उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग लवासाने दिलाय : ६,६०० कोटींचे दावे आणि हातात न आलेले १,८१४ कोटी. मंजुरीचा प्रश्न आधी विचारणं ही समाजसेवा नव्हती, ती सावकारी अक्कल होती. दुसरा भाग जास्त अवघड आहे. प्रत्येक नुकसान ताळेबंदात उतरतंच असं नाही. काही कंपन्या नदी घाण करून वर्षानुवर्षं नफ्यात राहतात. तिथे गुंतवणूकदाराच्या शहाणपणावर विसंबून चालणार नाही. तिथे कायदा लागतो, ग्रामसभा लागते, न्यायालय लागतं. गुंतवणूकदार हा या सगळ्यांचा पर्याय आहे असं जो सांगतो, त्याच्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही.

मग मागायचं काय? आम्ही तीनच गोष्टी म्हणू. एक, अहवाल उपकंपन्यांसह एकत्रित हवा, आणि नसेल तर का नाही हे फंडाने विचारावं. दोन, कर्ज हप्त्याहप्त्याने सुटतं. तेव्हा डोंगर, जंगल, जलाशय यांच्या लगतच्या प्रकल्पात पहिला हप्ता सुटण्याआधी मंजुरीचा कागद आणि तिथल्या लोकांचे आक्षेप, दोन्ही बँकेच्या फाइलीत असावेत. जगात याची रीत आहे. २००३ मध्ये काही मोठ्या बँकांनी 'इक्वेटर तत्त्वं' स्वीकारली. भारतातून ती स्वीकारणारी पहिली संस्था आयडीएफसी, आणि ते वर्ष २०१३ होतं. लवासाचं काम तोवर थांबून परत सुरू झालं होतं. तीन, म्युच्युअल फंडांना आपण कसं मत दिलं आणि का दिलं हे संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. ते उघडून वाचा. भविष्य निर्वाह निधीच्या विश्वस्त मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी असतात. पिंपरी-चिंचवडच्या युनियनांनी त्यांना विचारावं, आमच्या नावावरच्या शेअरांचं मत कोण देतं आणि कशाच्या आधारावर?

शेवटी एक जुनी आठवण. लवासा ज्या मुळशी तालुक्यात आहे, तिथेच १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. त्या लढ्यात एक फट होती. जमीन कसणाऱ्या मावळ्यांना जमीन हवी होती. जमिनीचे कागद ज्यांच्या पेटीत होते, त्या पुण्याच्या सावकारांचा कल मोबदल्याकडे होता. धरण झालं.

आज पेट्या बदलल्या आहेत. कागद आता डीमॅट खात्यात असतात, पीएफच्या पासबुकात असतात. आणि कागद असलेली माणसं, मंडळी, आज या सभागृहात बसलेली आहेत. आम्ही धरून. तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याशा खोऱ्यात जेसीबी चढेल, तेव्हा 'पैसा कोणाचा?' हा प्रश्न दुसऱ्या कोणाला विचारण्याआधी आपण आपली पासबुकं काढून बघू.

आता प्रश्न घेऊ.