आधी शुद्धिपत्र, मग सुटका

पैठणच्या नागघाटावर येणाऱ्याला ती कथा कोणी ना कोणी सांगतेच. आळंदीची चार भावंडे शुद्धिपत्र मागायला इथल्या ब्रह्मसभेपुढे आली. त्यांच्या हातून काय घडले, हे कोणी विचारले नाही. आपण शुद्ध आहोत हे त्यांनीच दाखवायचे होते. कथेत रेडा वेद बोलतो आणि तिढा सुटतो. मी वकील नाही. पण जामिनाचे आदेश वाचायचा छंद मला गेली काही वर्षे जडला आहे. या वाचनात ही कथा एका कलमात पुन्हा भेटली. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे, म्हणजे एनडीपीएसचे, ते कलम ३७.

एरवी जामीन ठरवताना गुन्ह्याच्या गांभीर्याबरोबर न्यायालय मुख्यतः तीन गोष्टी पाहते. आरोपी पळून जाईल का, पुराव्यात ढवळाढवळ करील का, पुन्हा गुन्हा करील का. तो दोषी की निर्दोष, हा प्रश्न खटल्यासाठी राखून ठेवलेला असतो. १९८९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा क्रम उलटा केला. सरकारी वकिलाने विरोध केला, तर आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी कारणे आहेत आणि बाहेर असताना तो गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटली पाहिजे. तीही एक साक्षीदार तपासला जाण्याआधी. मोठे आरोपी तांत्रिक कारणांवर सुटतात, ही दुरुस्तीमागची तक्रार होती. ती पोकळ म्हणता येणार नाही. अनिल अवचटांचे ‘गर्द’ वाचलेल्या पिढीला व्यसनाने घरे कशी बसतात हे सांगायला नको. प्रश्न हेतूचा नाही, वाक्याचा आहे.

२००१ च्या दुरुस्तीनंतर हे वाक्य मुख्यतः ‘व्यापारी मात्रे’ला आणि मोजक्या कलमांना लागू राहिले. गांजा एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोंच्या वर व्यापारी. हेरॉईनसाठी हेच आकडे ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. म्हणजे एकोणीस किलोवाल्याला नेहमीचे निकष आणि एकवीस किलोवाल्याला शुद्धिपत्र. निवाड्याआधी तराजू बोलतो.

पण तराजूत काय टाकायचे, हाही वाचनाचाच प्रश्न आहे. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळाचे शेंडे; शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्यात येत नाहीत. पंचनाम्यात मुळे, देठ, पाने यांसकट सगळे एकत्र तोलले असेल, तर खरा गांजा किती, ही शंका उरते. आणि त्या शंकेवर उच्च न्यायालयांनी जामीन दिलेले आहेत. उलट हिरा सिंग प्रकरणात २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, मिश्रणात भेसळीसह पूर्ण वजन धरायचे. एकीकडे पाने वजा होतात, दुसरीकडे भेसळ मिळवली जाते. त्यामुळे निकृष्ट माल बाळगणारा किरकोळ विक्रेताही ठोक व्यापाऱ्याच्या रकान्यात जाऊ शकतो. कलमाचा रोख मात्र बड्यांवर होता.

एका शब्दाच्या अर्थावर सुटका कशी अवलंबून असते, हे रिया चक्रवर्ती प्रकरणात दिसले. अवैध व्यापाराला पैसा पुरवणे हा कलम २७ अ चा गुन्हा. तो लागला की मात्रा कितीही असो, कलम ३७ आडवे येते. ७ ऑक्टोबर २०२० च्या आदेशात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सारंग कोतवाल यांनी म्हटले की, दुसऱ्याच्या सेवनासाठी पैसे खर्चणे म्हणजे व्यापाराला वित्तपुरवठा नव्हे. प्रसिद्ध व्यक्तीला कायद्यापुढे सवलत नाही, तसे जादा ओझेही नाही, हेही त्यांनी नोंदवले. मात्र याच आदेशाने या कायद्याखालचे सर्व गुन्हे, अल्प मात्रेचेही, अजामीनपात्र ठरवले. एक दार उघडले, दुसऱ्याला कडी लागली. या आदेशाचे कौतुक करणाऱ्यांनी हा दुसरा भागही वाचायला हवा.

पुढच्याच वर्षी क्रूझ प्रकरणात आर्यन खान यांच्याजवळ काही सापडले नव्हते. तरी विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी उच्च न्यायालयाने तो दिला. आणि मे २०२२ मध्ये तपास यंत्रणेनेच पुराव्याअभावी त्यांना आरोपातून वगळले. इथे उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत होती. ज्याच्या घरच्यांना पैठणहून औरंगाबाद खंडपीठात तारखेला जायचे म्हणजे मजुरी बुडवावी लागते, त्याच्यासाठी हे वाचन कोण करणार?

२८ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रवींद्र भट आणि दीपंकर दत्ता यांनी सात वर्षांहून अधिक काळ कोठडीत असलेल्या आरोपीला जामीन देताना या वाक्यालाच हात घातला. आरोपी दोषी नाही अशी खात्री शब्दशः मागितली, तर जामीन कधीच मिळणार नाही. म्हणून ती सकृद्दर्शनी पाहावी, आणि खटला विनाकारण लांबला तर कलम ३७ सुटकेच्या आड येत नाही, असे त्यांनी सांगितले. निकाल मोलाचा आहे. पण मूळ मजकूर होता तसाच आहे. उदार वाचक भेटला तर सुटका, नाही तर वाट पाहणे. शिवाय विलंब हा जामिनाचा आधार झाला की, आधी वर्षे भोगायची आणि मग ती दाखवून सुटका मागायची, असा व्यवहार होतो.

पैठणला खुले कारागृहही आहे. तिथले बंदी दोषी ठरलेले असतात. त्यांचे वर्तन पाहून निवड होते आणि ते उंच भिंतींशिवाय शेतात काम करतात. म्हणजे माणूस पळणार नाही, एवढा भरवसा शासन शिक्षा झालेल्यावर ठेवू शकते. हर्सूलच्या भिंतीआड बसलेल्या कच्च्या कैद्याला मात्र त्याआधी आपण निर्दोष आहोत याची खात्री पटवून द्यावी लागते. जामिनाच्या वेळी पळणे, पुरावा आणि पुन्हा गुन्हा, हे तीनच प्रश्न विचारावेत. कोठडी हवी असेल तर कारण सरकारने दाखवावे, आणि ठरल्या मुदतीत खटला चालवावा. यासाठी कलमातले वाक्यच बदलायला हवे. रेड्याने वेद म्हणेपर्यंत थांबणे ही न्यायाची रीत नव्हे.